तबकडीवरचा डावा अंगठा

...आणि भिंगाच्या काचेवर, अगदी मधोमध, एक अंगठा. तेलकट, पण रेष न् रेष स्वच्छ, आणि त्या रेषांना तिरकी कापत गेलेली एक बारीक चीर. ही चीर त्यानं कुठंतरी पाहिली होती — कुठंतरी काय, गेले तीन महिने रोज सकाळी, दात घासायच्याही आधी पाहत होता. समोर टेबलावर ती जुनी लाखेची तबकडी होती आणि तिच्या काठाशी, गाणं सुरू होतं तिथंच, तोच अंगठा लाखेत कायमचा रुतला होता.

त्यानं भिंग उजेडाकडे तिरकं धरलं. मग तबकडी. मग पुन्हा भिंग. मग डोळे मिटून घेतले, कारण ते उघडे ठेवून काही फायदा होत नव्हता.

चार वाजता डॉक्टर येणार. दातांचे डॉक्टर, तबकड्या जमवणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष, दात तपासायचा चिमुकला आरसा खिशात घेऊन हिंडणारे आणि किडका दात सापडल्यासारखे तबकडीवर वाकून 'हं' म्हणणारे. मंडळात प्रत्येकाकडे एकेक व्यंग होतं — म्हणजे तबकडीत. एकाकडच्या तबकडीचं भोकच मधोमध नव्हतं, त्यामुळे तिच्यातली बाई झोपाळ्यावर बसून गातेय असं वाटायचं. एकाच्या तबकडीत गाण्याआधी तबलजी शिंकतो. डॉक्टरांच्या तबकडीवर दोन्ही बाजूंना एकच गाणं. ह्याच्याकडेच काही नव्हतं. मागं एकदा त्यानं लेबलावर गायिकेची सही सापडल्याचं जाहीर केलं, तर डॉक्टरांनी ती ओल्या कापसानं पुसून, चहाचा डाग आहे, असं भर सभेत सांगितलं. तेव्हापासून हा बोलायला उठला की कुणीतरी हमखास चहा मागवायचं.

आणि मग हा अंगठा सापडला... मंडळाच्या अंकात अकरा पानं लिहिली त्यानं. शंभर वर्षांपूर्वी गरम लाखेचा गोळा साच्यात दाबून तबकडी बाहेर काढणाऱ्या कुणा अनाम कामगाराचा ठसा. तबकडी वाकडी होती तोवर तो वाकात लपला होता, सरळ केल्यावर प्रकटला — एक पान. कामगार डावखुरा होता — तीन पानं. त्याचा अंगठा कधीतरी यंत्रात सापडला होता — दोन पानं, आणि ती लिहिताना ह्याचे डोळे भरून आले होते. चटका बसला तरी त्यानं तबकडी टाकली नाही, कारण गाण्यावर जीव होता. आज डॉक्टर बघणार, 'हं' म्हणणार, आणि तबकडी वार्षिक प्रदर्शनात पहिल्या टेबलावर. नाहीतर... नाहीतर जन्मभर चहा.

"अगं," त्यानं जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "माझं भिंग कुणी पुसलं?"

बायको पदराला हात पुसत आली. मीच पुसलं, धुळीनं भरलं होतं, त्यात एवढं ओरडायचं काय, असं तिचं म्हणणं. तो ओरडला नव्हता. त्यानं विचारलं, ही तबकडी तू कधी हातात घेतली होतीस का. तबकड्यांना हात लावायला घरात बंदी होती, ती घालणारा तोच, त्यामुळे ती गप्प राहिली. आणि ती गप्प राहिली की त्याला सगळं कळायचं, फक्त उशिरा.

हळूहळू निघालं. वाकडी झालेली तबकडी सरळ व्हावी म्हणून त्यानं ती दोन काचांमध्ये घालून गच्चीत उन्हात ठेवली होती — हो, ठेवली होती, आणि जेवून झोपला होता. तिला उशा वाळत घालायच्या होत्या, जागा नव्हती. तिनं वरची काच काढून तबकडी उचलली. ती चांगलीच मऊ झाली होती. चटकाही बसला. पण टाकली नाही.

"का नाही टाकलीस?" त्याला अजून थोडी आशा होती.

"फुटली असती तर तुम्ही आठवडाभर तोंड फुगवून बसला असता."

"पण डावा हात कसा?"

"उजव्या हातात उशी होती."

तीन पानं गेली.

चिरेबद्दल त्यानं विचारलंच नाही. ती त्याची त्यालाच आठवली, आणि आठवायला नको होती... लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, उघडलेला ग्रामोफोन, 'जरा हे धर' असं म्हणून तिच्या हातात दिलेली स्प्रिंग, ती सटकली, रक्त — आणि तो म्हणाला होता, स्प्रिंगला काही झालं नाही ना? म्हणजे त्या वेळी एक ओळ नाही, आणि कुणा कामगारासाठी डोळे भरून दोन पानं.

बेल वाजली. डॉक्टर आले, बसले, आरसा काढला. बायकोनं आतून विचारलं, चहा ठेवू का, आणि डॉक्टर मिशीतल्या मिशीत हसले.

मग ते वाकले. इतके वाकले की नाक ठशाला टेकायचंच बाकी राहिलं. "नाजूक हात आहे हो," ते पुटपुटले, आणि त्यांनी आपलं बोट हलकेच त्या चिरेवरून फिरवलं, एकदा, मग पुन्हा एकदा. खरं सांगून टाकावं की अकरा पानांना चिकटून राहावं, हा प्रश्न होता, आणि तो तसाच लोंबकळत होता; पण त्याच्या डोक्यात आता भलतंच काहीतरी चाललं होतं — की ह्या माणसाला काही रीतभात आहे की नाही, असं परक्या घरात येऊन, विचारल्याशिवाय...

"डॉक्टर," तो म्हणाला, "जरा लांबून बघा."