मुल्लानपूरची सोव्हिन्यों

दिंडोरीहून निघतानाच नामदेवरावांनी ठरवलं होतं, मुलाकडच्यांचं एकही वाक्य तपासल्याशिवाय खरं धरायचं नाही. त्यांची एकुलती एक लेक क्षितिजा मोहालीत एका आयटी कंपनीत होती. तिथलाच हरकीरत तिला वर्षभरापूर्वी भेटला, असं ती सांगत होती, आणि आता लग्न करायचं म्हणत होती. हरकीरतचे वडील बलकारसिंग मोहालीजवळच्या मुल्लानपूरला शेती करायचे. आणि त्या शेतात म्हणे सोव्हिन्यों ब्लां ही वाइनची द्राक्षं लावलेली होती.

इथेच नामदेवरावांना शंका आली. ते स्वतः कितीतरी वर्षं वाइनरीसाठी हेच द्राक्ष पिकवत होते. लहान मणी, गच्च घड, दात आंबवणारा रस, आणि मागून ताज्या कापलेल्या गवताचा, ढोबळी मिरचीचा हिरवा वास. पांढऱ्या वाइनला तरतरी येते ती या आंबटपणामुळे. गहू आणि भात पिकवणारा माणूस नेमकं हेच द्राक्ष कशाला लावेल? एक तर होणाऱ्या व्याह्याला खूश करायला रचलेली गोष्ट असणार. नाही तर जमीन संपादनात गेली की फळबागेला मोबदला जास्त मिळतो, तो डाव असणार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते लेक, हरकीरत आणि बलकारसिंगांसोबत त्या बागेत उभे होते. आठच ओळी होत्या. पश्चिमेला बांधाला लागून एका नव्या टॉवरचे पंधरा-सोळा मजले चढले होते.

"चखिए जी," बलकारसिंग हौसेने म्हणाले.

नामदेवरावांनी पहिल्या ओळीतला मणी तोंडात टाकला. नुसता गोड. ना आंबटपणा, ना वास. साखरपाणीच.

"हे सोव्हिन्यों नाही," ते लेकीला हळूच म्हणाले. "यांना कोणीतरी फसवलंय, नाही तर हे आपल्याला फसवताहेत."

"अण्णा, नीट बघा तरी."

"बघितलं म्हणूनच सांगतोय."

तरी त्यांनी पान उलटं करून पाहिलं. गोलसर, कडेला मुडपलेलं, खालून लव असलेलं. पान तर ओळखीचं होतं. मग चव अशी का? त्यांचा संशय आणखी वाढला. ते एकेक ओळ चाखत पश्चिमेकडे सरकत गेले. गोड. गोड. थोडं कमी गोड. शेवटच्या ओळीतला मणी चावला आणि त्यांचे डोळे बारीक झाले. दात आंबले. नाकात तो हिरवा वास चढला. अगदी घरचाच.

त्यांनी वर टॉवरकडे पाहिलं. दुपार कलली की त्याची सावली सगळ्यात आधी या ओळीवर पडत असणार. बाकीच्या ओळी जूनच्या उन्हात त्यानंतरही भाजत राहत होत्या, आणि त्या भाजण्यातच आंबटपणा उडून जात होता. दिंडोरीत हे द्राक्ष थंडीच्या दिवसांत पिकतं. असल्या उन्हातली सोव्हिन्यों त्यांनी आयुष्यात चाखली नव्हती, म्हणून ओळखली नाही.

म्हणजे द्राक्ष खरं होतं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. ते खाली बसले आणि खोडाभोवतीची माती हाताने बाजूला केली.

"किती वर्षांची बाग?" त्यांनी विचारलं.

"दो साल, अंकलजी," हरकीरत चटकन म्हणाला.

"रोपं कुठली?"

"नर्सरी की."

"नर्सरीचं रोप खुंटावर कलम केलेलं असतं. जोडाची गाठ दिसते. इथे गाठच नाही. ही नुसती काडी खोचून वाढवलेली वेल आहे." नामदेवरावांनी खोड मुठीत धरलं. "आणि दोन वर्षांत मनगटाएवढं खोड होत नाही. ही चार वर्षांची आहे. खोटं कशाला बोलतोस?"

हरकीरतने क्षितिजाकडे पाहिलं. मराठी बोलणं त्याला नेमकं किती समजलं कोण जाणे, पण चेहरा पडला. बलकारसिंग पगडी सारखी करत दुसरीकडे बघू लागले.

"त्याला मीच सांगितलं होतं तसं बोलायला," क्षितिजा म्हणाली. "काड्या मी आणल्या, अण्णा. आपल्या बागेतल्या. ऑक्टोबर छाटणीच्या."

"कधी?"

"चार वर्षांपूर्वी. हरकीरतच्या पापाजींनी विचारलं होतं, तुझे वडील काय पिकवतात. मी म्हटलं, आणून दाखवते. यांनी कुंड्यांत जगवल्या, मग इथे लावल्या."

नामदेवराव मातीचा हात झटकत उठले. द्राक्षाचं कोडं सुटलं होतं. पण लेक तर वर्षभराची ओळख म्हणाली होती.

"चार वर्षं तू मला फसवलंस."

"तुम्ही नाही म्हणाल, अशी भीती वाटत होती."

"मग म्हणालो असतो नाही! तोंडावर म्हणालो असतो."

ती रडायला लागली. बलकारसिंगांना शब्द कळले नसावेत, पण ते पुढे आले. "भाईसाहब, गलती हमारी भी है. आपकी बेल थी, आपको बताना चाहिए था."

नामदेवराव बांधापर्यंत गेले आणि त्यांनी बायकोला फोन लावला.

"शशिकला, प्रवासात काडी सुकू नये म्हणून ओल्या गोणपाटात बांधतात. हे क्षितिजाला कोणी शिकवलं?"

शशिकलाबाईंनी लगेच विषय बदलला.

"जेवलात का तुम्ही?" त्या म्हणाल्या.

त्या दिवशी नामदेवरावांनी लग्नाला हो म्हटलं नाही. बलकारसिंगांच्या घरी जेवले, तेही मोजकंच बोलून. पण परतीचं तिकीट मात्र रद्द केलं. सावलीतल्या ओळीतले घड दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत काढायला लावले. बाकीच्या ओळींची पश्चिमेकडची, घडांवर सावली धरणारी पानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघून तोडली होती, हे कळल्यावर ते बलकारसिंगांवर खेकसले. बलकारसिंगांनी हात जोडून ऐकून घेतलं, मग दोघांनी मिळून वेली पुन्हा बांधल्या.

हरकीरतला ते रोज काहीतरी विचारायचे आणि तेच क्षितिजाला वेगळं गाठून विचारायचे. उत्तरं जुळतात का, ते पाहायचे. ती जुळत गेली, तसतसे त्यांचे प्रश्नही कमी होत गेले.

आठवड्याने त्यांनी घरी पुन्हा फोन केला.

"ये तू पण इकडे," ते म्हणाले. "बोलणी तुमची सगळ्यांची कधीच झालीत. मीच तेवढा राहिलोय."