उंबऱ्याचा उतार

कोन गावातल्या तुळजाच्या घराचा उंबरा वीतभर उंच आहे आणि तिचा नवरा नामा दिवाळीपासून त्याच्या बाहेर आहे. वडपे गावातल्या एका गोदामात सुतारकाम करताना तो शिडीवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तो कल्याणला मुलीकडे, लिफ्टच्या इमारतीत, व्हीलचेअरवर. मुलीने, हेमालीने, आईला स्पष्ट सांगितलं होतं: दारात खुर्ची चढेल असा उतार बसला की बाबांना पाठवते.

नारपोलीचा सुतार रोज ‘उद्या’ म्हणत राहिला. शेवटी एका रविवारी तुळजाने नवऱ्याचा गोल पात्याचा कटर स्वतःच बाहेर काढला. ओटीवर दोन फळ्या टाकून त्यांवर उतारासाठी आणलेलं प्लायवूड ठेवलं, तांदळाच्या डब्याला फोन टेकवला आणि हेमालीच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला.

“ओढणी काढ आधी,” नामा म्हणाला. “पात्यात गेली तर गळ्यासकट ओढेल.”

“काढली.”

“चष्मा घाल. वायर खांद्यावरनं मागं टाक. प्लायची चांगली बाजू खाली हाय ना?”

“हाय. लग्नाच्या वेळी एवढं विचारलं नव्हतंत.”

“तेव्हा तुझ्या हातात कटर नव्हता.”

पात्यापासून कटरच्या तळाच्या कडेपर्यंत जेवढं अंतर, तेवढं कापायच्या रेघेपासून सोडून तिने ॲल्युमिनियमची पट्टी क्लॅम्पने आवळली. पातं प्लायच्या खाली जेमतेम डोकावेल एवढंच ठेवलं. मग कटरचा तळ पट्टीला लावून बटण दाबलं.

अर्ध्यावर तिने मान वर करून फोनकडे पाहिलं. नामाने दाढी केली होती. गाल आत गेले होते. तेवढ्यात पातं अडलं, कटर उचकून मागे आला. तिने बटण सोडलं. काप पट्टी सोडून वाकडा गेला होता. टाकाऊ बाजूला गेला, म्हणून प्लाय वाचलं.

“माझ्याकडं कशाला बघतेस?” नामाचा आवाज चढला. “बोटं गेली असती.”

“फोन कायम हेमाकडं. ती दिवसभर कामावर. मग मी बघू कधी?”



“पट्टीकडं बघ,” नामा म्हणाला. “पातं थांबेपर्यंत दुसरीकडं न्हाय. मला पालथा ठेव.”

तिने फोन डब्याच्या झाकणावर पालथा ठेवला. कटरच्या थेट मागे न राहता थोडी बाजूला उभी राहिली. दोन्ही हातांनी मूठ धरली आणि काप पुन्हा सुरुवातीपासून घेतला. या वेळी घाई केली नाही. कडेचा तुकडा मोकळा होऊन खाली पडला. पातं पूर्ण थांबल्यावरच तिने कटर उचलला.

झाकणावरून आवाज आला, “सरळ गेला. मोटार कुठंच कण्हली न्हाय.”

ती फोन उचलणार, तोच त्याचा आवाज तिकडे मुलीकडे वळला, “हेमा, माझे कपडे भर.”

“आधी उतार बसू तर दे, बाबा.”

“बसतोय. तू भर.”