दस्तगीरभाईंचे लोफर

आमच्या ह्यांच्यात चार गोष्टी कमी असतील, पण पायातला रुबाब कधी कमी नव्हता. त्याला जबाबदार दस्तगीरभाई. नांदेडला वजिराबादेत आमचं शर्टिंग-सुटिंगचं दुकान. कापड आमच्याकडं घ्यायचं आणि शिवायला इतवाऱ्यात भाईंकडं टाकायचं, हे गिऱ्हाइकांचं ठरलेलंच होतं. भाई पॅन्ट शिवायचे, पण ह्यांच्याशी बोलायचे लोफरवर. "लेस बांधायला माणूस कितींदा वाकंल, बालाजीभाऊ? मशिदीत काढा, दुकानात काढा, घरात काढा. लोफरमधी पाय सरकवला की झाला सायेब." पॅन्टची मोहरी, म्हणजे खालचा घेर, लोफरवर कशी अलगद टेकली पाहिजे, हे ते स्वतःच्या पायावर दाखवत.

लातूरला एका लग्नाला गेले असताना ह्यांनी आणि भाईंनी गंजगोलाईच्या बाजारात एकसारखे जोड घेतले. तपकिरी, वरून आडवी पट्टी, पट्टीला मधोमध चीर. भाईंनी पटकन निघावा म्हणून एक नंबर मोठा घेतला. त्यामुळं ते चालले की टाच सुटून फटक फटक वाजायची. मी चिडवायचे, "भाई, तुमच्या आधी तुमचे बूट येतात."

उन्हाळ्यात भाई घरातल्या मशीनवर बसल्याबसल्याच गेले. लोफर दाराशी काढलेले, ते तिथंच राहिले. मयतीला आलेल्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. जनाजा उचलला तेव्हा खांदा द्यायला हे रडत धावले आणि दिसले त्या लोफरमध्ये पाय घातले. घरी आल्यावर पाहिलं तर ते भाईंचे.

"उद्या देऊन या," मी म्हटलं.

"भाभी इद्दतीत हायेत. परक्या माणसासमोर येत न्हाईत," म्हणाले. बरं कारण सापडलं. दुसऱ्या दिवसापासून तेच घालून दुकानात. पाय सटकायचा, घोटा सोलला, तरी तेच. वर रोज घरी यायला उशीर. मला मनापासून राग यायचा. गेलेल्या माणसाची उरलेली वस्तू त्याच्या बायकोची असते. ती बिचारी तिकडं ह्यांचे बूट नवऱ्याचे समजून जपत बसली असेल, या विचारानं मला घास जात नव्हता.

भाभींची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली त्याच आठवड्यात मी ह्यांना ओढतच इतवाऱ्यात नेलं. दार वाजवलं. बानोभाभींनी उघडलं, आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, चुकीच्या वेळी आलो. दारात ह्यांचे लोफर होते, पुसलेले, जोडीनं लावलेले. मशीनवर चादर टाकलेली होती.

चहा झाला. हे मान वर करेनात. शेवटी मीच म्हटलं, "भाभी, त्या दिवशी गडबडीत बुटांची अदलाबदल झाली."

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी आत हात घालून बघितला. आत उमटलेला पाय यांचा न्हवता."

"मग निरोप का नाही धाडला?"

भाभींनी कपातली साय बोटानं बाजूला केली. "भाऊ रोज सांजच्याला दुकान बंद करून आमच्या गल्लीतून जाऊन राहिले. फटक फटक आवाज येतो. मी चुलीवर चहा चढवते."

ह्यांचा उशीर मला तेव्हा कळला. हे म्हणाले, "भाभी, तुमचे तुम्ही ठेवा. मी माझे घालून जातो."

"नको. इथं ठेवले की मुके व्हतील." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तुम्ही जात जावा, भाऊ. फक्त दार वाजवू नका. आवाज ऐकून बरं वाटतं. दार उघडलं की तुम्ही असता."

ह्यांनी पुन्हा भाईंच्याच लोफरमध्ये पाय सरकवले. मागं दार लागलं, कडी वाजली.

हे पुढं चालू लागले, फटक फटक. मी माझ्या चटचट वाजणाऱ्या चपला काढून हातात घेतल्या आणि गल्ली संपेपर्यंत अनवाणी चालले.