मुक्या दिवसाची हाक

माझ्या तबकडीची काच आतून काळवंडली आहे, मित्रांनो. कितीही पुसली तरी ती स्वच्छ होत नाही. खालच्या लांब सळईला मधोमध बाक आला आहे. अशा अवतारात मी बाली बेटावरच्या एका खतकारखान्यात खिळ्याला टांगलेला असतो. खताच्या ढिगाचा ताप मोजणारा मी एक जुना तापमापक.

तुमच्या घरी कुणाला ताप चढला, की तो उतरावा म्हणून तुम्ही देव पाण्यात घालून बसता. आमच्याकडे सगळं उलटं. देवळातल्या शिळ्या फुलांच्या परड्या, हॉटेलांतलं उष्टं, पालापाचोळा, सगळं एकत्र कुजतं आणि आतून तापतं. हा ताप चढून टिकला, तरच रोगजंतू मरतात, तणाचं बी मरतं आणि पोत्यावर शिक्का बसतो. पण फार चढला, तर ढीग आतल्या आत पेट घेतो. काटा खाली राहिला तरी पंचाईत, फार वर गेला तरी पंचाईत.

ही शिस्त सुकेर्ती सांभाळायची. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. ढीग पालथे घालायला नारका होता. वयाने तिच्याहून मोठा, बायको गेल्यापासून एकटा. त्याचं खोपटं कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं. मला ढिगात खुपसताना तो म्हणायचा, "चला जावईबापू, सासुरवाडी तापलीय का बघून या!"

"दादा, थट्टा नंतर करा, आधी काटा बघा," सुकेर्ती ओरडायची. मग तो मला आपल्या उपरण्याने पुसायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

आमच्या बेटावर वर्षातून एकदा न्येपी येते. तो मुका दिवस. घराबाहेर पडायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आदल्या संध्याकाळी गावातली तरुण मंडळी राक्षसाचा भलामोठा पुतळा मिरवतात आणि जाळतात. दुसऱ्या दिवशी भुतंखेतं शोधत आलीच, तर त्यांना बेट ओसाड वाटावं आणि ती निघून जावीत, अशी समजूत.

त्या वर्षी पुतळ्याचे जळके बांबू आणि राख मंडळींनी आमच्या दारात आणून टाकली. आगीतून आलेली वस्तू आधी पाण्याच्या खड्ड्यात भिजवायची आणि मगच ढिगात घालायची, असा कारखान्याचा नियम होता. पण खड्डा कोरडा पडला होता, सुकेर्ती घरी गेली होती आणि सगळ्यांना घाई झाली होती.

"नारकादादा, आता पाणी कुठं भरत बसायचं? उजाडल्यावर गावात निखारा दिसला, तर आमची धडगत नाही!" मंडळींतला एकजण म्हणाला.

"ढिगात पुरा," नारका म्हणाला. "वरून ओला पाला टाका. झाकलं की विझलं."

मी त्याच ढिगात रोवलेला होतो.

मुका दिवस उजाडला. रस्त्यावर गाडी नाही, आभाळात विमान नाही. माझा काटा मात्र चढत होता. मला वाचा नाही, मित्रांनो. माझं बोलणं म्हणजे ही तबकडी, आणि ती वाचायला माणूस लागतं. ढिगाच्या पोटात कुणीतरी सावकाश श्वास घेत असल्यासारखं मला वाटत होतं. राक्षस जळलाच नाही, तो माझ्या शेजारी बसलाय, या विचाराने मी भयभीत झालो.

दुपारी भिंतीवरून धूर दिसला, तसा नारका फावडं घेऊन दबकत आला. काटा बघून त्याचा चेहरा उतरला. "जावईबापू, कुणाला सांगू नका हं," तो कुजबुजला. "मी घाण केली, मीच निस्तरतो."

तो ढिगावर चढला. वरून ढीग धडधाकट दिसत होता, पण आतून जळून पोकळ झाला होता. नारकाच्या पायाखालचं कवच खचलं आणि तो कमरेपर्यंत आत गेला. त्याने मला धरलं. माझ्या सळईला बाक आला तो तेव्हा. आधी तो ओरडलाच नाही. मुका दिवस होता ना! दात आवळून त्याने सोसलं. मग सोसवेना.

"सुकेर्ती! ए सुकेर्ती!"

तिचं घर समोरच्याच गल्लीत. तिथे काय झालं, ते नंतर तिनेच माझ्यासमोर रडत नवऱ्याला बोलून दाखवलं. हाक ऐकून ती उठली होती. तिचा हात कडीवर होता.

"मला कुणीतरी हाक मारतंय."

"आज?" नवरा रावुह पांढराफटक पडला होता. "आज माणूस हाक मारील का? ते दुसरंच काहीतरी आहे. ओ देऊ नकोस!"

दुसरी हाक आली. ती साऱ्या गल्लीने ऐकली आणि साऱ्या गल्लीने पोरं कुशीत ओढली. मग हाक थांबली. घरात धूर शिरला, तेव्हा कुठे सुकेर्ती कडी काढून धावली. कोपऱ्यावर गावचे पहारेकरी होते. त्यांनी तिला अडवलं नाही, उलट तिच्यापुढे धावले. आजाऱ्यासाठी त्या दिवशीही गाडी निघते. नियम आडवा आलाच नव्हता, भीती आडवी आली.

नारका वाचला नाही. माझ्या सळईवरची त्याची बोटं सुकेर्तीने एकेक करून सोडवली.

आता खड्डा नेहमी भरलेला असतो. ताप वाढला की शिट्टी मारणारी नवी यंत्रं आली आहेत. कधी गंमत म्हणून कुणी मला थंड ढिगात खुपसतं, तर माझा काटा सरसर त्या दिवसाच्या आकड्यावर जाऊन थांबतो. "म्हातारा बिघडला," असं म्हणून सगळे हसतात. मी बिघडलेलो नाही, मित्रांनो. ती पकड अजून सुटलेली नाही, एवढंच.

एक विनवणी आहे. चूक झाली तर लपवू नका. चारचौघांत ओरडा खावा लागला तर खा. आणि दारापाशी हाक आली, की भिऊन कडी लावू नका. बाहेर आपलंच माणूस असेल.

दर न्येपीला सुकेर्ती गावाची परवानगी घेऊन कारखान्यात राखण करते. दिवसभर एक शब्द बोलत नाही. दुपार झाली, की ती मला खिळ्यावरून काढते, ढिगाजवळ जाते आणि अगदी हळू म्हणते, "ओ दादा... आले हं."