डाव्या सीटवरचं पोतं

इमामनं चौथ्यांदा दोरी ताणली. फियाटच्या मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत, एका रेषेत. मग उकिडवा बसून एक डोळा मिटला. दोरी टायरला हवी तिथंच टेकत होती, केसभरही फरक नव्हता.

"दोरी खोटं बोलत न्हाय, सर."

"गाडीसुद्धा खोटं बोलत नाही रे. उजवीकडं ओढते म्हणजे ओढते." यज्ञेश्वर सरांनी छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेली. रेघ वाकडी गेली की त्यांच्या जिवाला चैन नसे. "फुलेवाडीपर्यंत जाऊन आलो. हात जरा सैल सोडला की बया निघाली समोरच्याच्या अंगावर!"

पुढच्या दोन सीटवर वाळूची दोन पोती बसवलेली होती. इमामच्या उस्तादाची शिकवण होती ती. रिकामी गाडी सरळ करून काय उपयोग, तिच्यात बसणाऱ्या माणसांसकट सरळ कर. शिवाजी पेठेतल्या या गॅरेजच्या कोपऱ्यात कायमच्या गिऱ्हाइकांच्या वजनाची अशी पोती भरून रचलेली असायची. यातल्या एकावर कोळशानं 'सर' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'बाई'.

इमामनं दोन्ही पोती खाली ओढली. "चला, मी येतो संगट."

फुलेवाडीच्या रस्त्याला सरांनी स्टेअरिंगवरचे हात उचलले. गाडी नाकासमोर चालत राहिली. सर ओशाळले.

"आता बघ कशी शहाण्यासारखी चाललीय."

"मग? तरी मी म्हणतोय!"

गॅरेजशी इमाम उतरला आणि सर एकटेच पुढं गेले. अर्ध्या तासात परत हजर, कपाळावर घाम.

"ओढली. तुझ्यादेखत नाटक करते का रे ही? रविवारी रत्नागिरीला आमच्या अंतराच्या लेकीचं बारसं आहे. आज शुक्रवार. आमची मंडळी म्हणतात, मी एसटीनं जाणार, तुम्ही तुमचा डबा घेऊन या." सरांनी चावी फळीवर ठेवली आणि ते घरी चालत गेले.

इमामचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. चहा आला, निवला, त्याच्यावर साय धरली. अख्खं स्टेअरिंग त्यानं नव्यानं बांधलं होतं, शिरोलीच्या कारखान्यातून बुशं लेथवर वळवून आणली होती. चाळीस वर्षांत एक माणूस बोट दाखवू शकला नव्हता. पण खरी कळ दुसरीकडंच होती. शिमग्यात त्यानं याच गाडीचं डावं चाक हलवून बघितलेलं. स्टेअरिंगचा सांधा हाताला ढिला लागला होता. त्या दिवशी घाई होती. "चालंल की अजून वर्षभर," असं तो सरांना बोलून गेला होता. दोन महिन्यांनी मलकापूरच्या पुढं तोच सांधा निखळला, चाक आडवं झालं आणि गाडी चरात गेली. शेजारी बसलेल्या श्यामलाबाईंचं, सरांच्या बायकोचं, मनगट मोडलं. त्यानंतर बाई गाडीत बसल्या नव्हत्या. म्हाताऱ्यानं जोरात हाणली असणार, असं सगळी गल्ली म्हणाली. सरांनी कुणाचं तोंड धरलं नाही. आणि इमामनं आपलं उघडलं नाही.

पाचव्यांदा दोरी लावायची म्हणून त्यानं 'सर' उचलून जाग्यावर बसवलं. मग 'बाई' कवेत घेतलं, दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"आयला!"

गाडी दोघांच्या वजनाला लावलेली, आणि सर चालवतात एकटे. तो स्वतः शेजारी बसला तेव्हाच ती सरळ का गेली, हे आता दिसलं. बावीस वर्षांच्या सवयीनं त्यानं 'बाई'चं पोतं ठेवलं होतं. ती सीट आता रिकामी असते, हे बघायला त्याचं मनच धजलं नव्हतं.

इलाज सोपा होता. हे पोतं काढायचं, एकट्या सरांच्या वजनाला लावायची, अर्ध्या तासाचं काम. सरांनी पाठ थोपटली असती. त्यानं पाना लावलासुद्धा. पण हात पुढं जाईना. म्हणजे बाई पुन्हा या गाडीत बसणार नाहीत, हे कुणी ठरवायचं? आपण? त्यानं पाना खाली टाकला, साबणानं हात खरवडून धुतले आणि मागच्या गल्लीत सरांच्या घरी गेला.

श्यामलाबाई डाव्या हातानं मेथी निवडत होत्या. उजवं मनगट अजून वळत नव्हतं. सर पेपर घेऊन बसले होते.

"वैनी," इमाम दारातूनच म्हणाला, "सर जोरात चालवत नव्हते. त्यो सांधा ढिला हाय, हे मला शिमग्यातच कळलंतं. मीच म्हटलं, चालंल. चूक माझी हाय."

पेपर हलला नाही. बाईंनी मेथीची काडी मोडली.

"ठाऊक आहे. दवाखान्यातच सांगितलं यांनी. वर मला बजावलं, त्याला विचारायचं नाही, तो आपणहून येईल."

इमाम उंबऱ्याच्या आत आला. "मग गाडीत बसत का न्हाईसा?"

"गाडीचं काय भ्यायचं, इमामभाई? लोखंड ते, मोडायचंच कधीतरी. तुम्ही चूक गिळून गप बसलात, त्याची भीती बसली होती. आणखी काय काय गिळलं असेल, कुणाला ठाऊक."

त्याला मान वर करवेना. खालीच बघत त्यानं पोत्यांचं सगळं सांगितलं. बाईंनी मेथीचं ताट बाजूला सारलं.

"उठा हो," त्या सरांना म्हणाल्या. "वाळूची पोती कशाला? आपण दोघं जाऊन बसू."

गॅरेजमध्ये बाईंनी स्वतःच दार उघडलं आणि डाव्या सीटवर बसून पदर सावरला. सर स्टेअरिंगपाशी बसले. इमामनं पाचव्यांदा दोरी ताणली, उकिडवा बसला, एक डोळा मिटला.

दोरी आणि टायर यांच्यात आता केसभर फट दिसत होती. बाई पोत्यापेक्षा हलक्या झाल्या होत्या.

त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि पाना उचलला.