इरादा

"ताई, नाव जरा चेंज केलंय," गिरीशने हळूच सांगितलं, आणि घुगऱ्यांचं पातेलं उतरवता उतरवता प्रीता थबकली.

एडिसनच्या त्या छोट्याशा अपार्टमेंटात पाळणा फुलांनी सजला होता, काकू-मावश्या दाटीवाटीने बसल्या होत्या. प्रीता शिकागोहून आली होती ती आत्या म्हणून. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. औषधांच्या दुकानात काउंटरवर बावीस वर्षं उभी राहिलेली, लग्न राहूनच गेलेली बाई. भावाकडे पाळणा हलणार म्हटल्यावर तिने सोळा सोमवार धरले आणि 'ऋजुता' हे नाव कळवलं. विशीत स्वतःच्या लेकीसाठी राखून ठेवलेलं, हे मात्र सांगितलं नाही.

आता नाव होतं इरादा. गिरीशच्या बायकोच्या, आयसेलच्या आईचं. आई दोन महिन्यांपूर्वी आयसेलच्या माहेरी, बाकूमध्ये वारली, नातीचं तोंड न बघता. आयसेल इतके दिवस गप्प होती. आज सकाळी रडत तिने ते मागितलं.

"इरादा?" कांताकाकूंनी ऐकलंच. "उद्या जो तो विचारेल, काय इरादा आहे गं तुझा!"

बायका हसल्या. आयसेलला मराठी कळत नव्हतं, हसू कळलं.

प्रीता तिच्याजवळ जाऊन बसली, अर्थ विचारला. आयसेल इंग्रजीत भराभर सांगू लागली. शब्द मूळचा अरबी, तिच्या देशात मुलींना सर्रास ठेवतात. अर्थ, मनाचा निर्धार. आई सातव्या महिन्यात जन्मलेली, जगायची नाही म्हणाले होते सगळे. तेव्हा आजोबांनी हे नाव ठेवलं.

प्रीताच्या अंगावर काटा आला. "अगं बाई, म्हणजे संकल्पच की हा."

रोज सकाळी तळहातावर पाणी घेऊन ती तोच तर करायची. इतकी व्रतं केली, पण हे एखाद्या मुलीचं नाव असू शकतं असं कधी मनात आलं नव्हतं. तिला राहवेना. कांताकाकूंना हाताला धरून तिने पाळण्याशी आणलं, सगळं सांगितलं. काकू वरमल्या.

"ताई, तुझं नाव पण छान होतं गं," गिरीश पुटपुटला.

"ते होय? सहज सुचलेलं," प्रीता म्हणाली आणि पाळण्यात वाकली.

कुर्र करून तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. ब्रुकलिनहून आलेली आयसेलची म्हातारी मावशी नुसती बघत होती. मेलेल्या बहिणीचं नाव सगळ्यांच्या तोंडी ऐकून तीही उठली, इतरांसारखा हात उगारून पुढे आली.

धपाटा बसलाच नाही. तो हात पाठीवर टेकला आणि तिथेच राहिला. प्रीता तशीच वाकून उभी राहिली.