उभी पाटी

पाटीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक थेंब वाळून बसला होता आणि सुमंतराव तो नखानं खरवडत होते... दार रंगवताना रंगाऱ्यानं पाटी काढून त्यांच्या हातात दिली, त्याला आठवडा झाला. परत लावून दे म्हणायचं रोज राहून जात होतं. सुमंत निघोजकर, ग्रंथपाल. त्यांनी ती टेबलावर आखूड कडेवर उभी केली. अक्षरं एकाखाली एक, जिना उतरल्यासारखी.

तिकडे असंच करतात, सुचित्रानं सांगितलं होतं. त्यांची मुलगी पुण्यातल्या एका संस्थेची प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला जाते, ऊस तोडणाऱ्या बायांना फडाजवळ पाणी हवं, आडोसा हवा, हे देशोदेशींच्या लोकांपुढं मांडायला. तिथं मसुद्यावर चर्चा चालते तेव्हा म्हणे कुणी हात वर करत नाही; आपल्यापुढची पाटी उभी करायची आणि थांबायचं. अध्यक्ष बघतात, पाळी येते... किंवा येत नाही. केवढी सभ्य रीत! शाळेत सुमंतचा हात वर जायला निघायचा आणि कानापर्यंत पोचला की कान खाजवून खाली यायचा. सत्तरी उलटली, हात अजून कानाशीच.

आणि सकाळी बनुबाईनं पुन्हा चहा घेतला नाही. पत्नी गेल्यापासून तीच घर सांभाळते. आल्या आल्या अर्धा कप चहा, मग भांडी, हा क्रम आठ दिवसांपूर्वीपर्यंत कधी चुकला नव्हता. ते बिचकत म्हणाले, "साखर जास्त पडते का माझ्याकडून?"

"साखर बरी हाय वो काका. चहा घेतला की जावं लागतंय. आन जायाचं कुटं?"

मग तिनं सांगितलं. जिन्याखालच्या संडासाला सोसायटीनं कुलूप घातलंय, तिथं पार्सलं ठेवायची खोली होणार. आज संध्याकाळच्या मीटिंगमध्ये पक्कं होतंय. चार घरची कामं उरकून दुपारी रिक्षानं वस्तीवर पोचेपर्यंत कळ काढायची. तिसऱ्या मजल्यावर कामाला येणारी आरती तर सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाही.

"पार्सलाला जागा हाय, आमाला न्हाई," ती हसली. "तुमची पोरगी लई लांब जाऊन बायांचं बोलती. तुमाला तर निस्तं दोन जिनं उतरायचंत."

माझ्याकडचं वापरा ना — एवढंच म्हणायचं होतं. पण एकटा पुरुष, बाईमाणसाला असं काय सांगणार, तिला काय वाटेल... वाक्य कानाशी येऊन परत गेलं. तिनं भांडी घासायला घेतली. आठ दिवस मी साखरेचा विचार करत होतो.

दुपारी सुचित्राचा फोन आला. तिचं भाषण आजच होतं. "आधी आभार मानायचे, बाबा. मग झालेल्या विकासाचं स्वागत. मग हळूच चिंता. शेवटी शिफारस. आणि नाव कुणाचंच घ्यायचं नाही, नाहीतर समोरचा कानच बंद करतो."

"आणि पाटी उभी करूनही पाळी आली नाही तर?"

"गेल्या वर्षी नव्हतीच आली. मी तशीच ठेवली उभी. खुर्च्या आवरायला माणसं आली तरी." ती हसली, पण थोडं उशिरा. "का हो? तुम्हाला कुठं बोलायचंय?"

"छे, छे."

पण दुपारभर पलंगावर पडून ते जुळवत होते... सर्वप्रथम अध्यक्षांचे आभार. रंगकामाचं स्वागत, रंग खरोखरच छान झालाय. मात्र काही बाबतींत चिंता वाटते... काही बाबतींत! बनुबाईनं ऐकलं असतं तर विचारलं असतं, कंच्या बाबतीत, काका? आणि वाचनालयात जन्म काढलेल्या माणसाला उत्तर देता आलं नसतं. की सुचित्रालाही हे असंच छळत असेल, फडावरच्या बायांचे चेहरे आठवून सगळी वाक्यं गुळगुळीत करताना?

संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधे घडीचं टेबल. सुमंतरावांनी कापडी पिशवीतून पाटी काढली तेव्हा कानशिलं तापली होती. विषय निघताच त्यांनी ती टेबलाच्या कोपऱ्यावर उभी केली आणि थांबले.

"कुणीही येतं नि वापरतं हो," निवेदिता वहिनी म्हणत होत्या. "घाण कुणी काढायची?"

"पार्सलं भिजतात, तो खरा प्रश्न आहे," अध्यक्ष अनिमेष म्हणाला. बोलता बोलता त्याची नजर पाटीकडे गेली. त्यानं ती अलगद आडवी केली. "पडेल, काका. उद्या रंगाऱ्याला पाठवतो लावायला. इथवर कशाला आणलीत?"

दोघं-तिघं हसले. वाईट नव्हतं ते हसणं, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं. सुमंतरावही हसले. रीत ठाऊक असलेला एकच माणूस असेल तर ती रीत कसली... इतकी वर्षं मी जे सौजन्य समजत होतो, तेही असंच आडवं पडलेलं होतं का, कुणाला न दिसणारं?

फाटकाजवळ बनुबाई उभी होती. तिची घरी जायची वेळ कधीच टळून गेली होती. ती इकडे बघत नव्हती. पदरानं मान पुसत रस्त्याकडे बघत होती.

"मग मंजूर धरायचं?" अनिमेष म्हणाला.

सुमंतरावांनी पाटी पुन्हा उभी केली. या वेळी हात काढला नाही. बोटाखाली रंगाचा तो खरखरीत थेंब लागत होता, न निघालेला.

"काका?" अनिमेष थांबला. "काही म्हणायचंय का तुम्हाला?"

सगळ्यांचे चेहरे वळले. आभार शोधले, ते नव्हते. स्वागत नव्हतं, चिंताही नव्हती. दुपारभर जुळवलेलं सारं कुठं सांडून गेलं होतं आणि रिकाम्या झालेल्या जागेत एकच प्रश्न होता, त्यांच्या नव्हे, तिच्या आवाजातला — जायाचं कुटं? — आणि तो कानापाशी न थांबता घशाकडे येत होता.